मनातले बोलावे, पण कोणापाशी?

पोट दुखू लागले की कोणी ओव्याची फक्की पुढे करते, ताप चढला की कपाळावर गार पाण्याची घडी बसते, आणि तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांकडे धाव घेतली जाते. शरीराच्या दुखण्यासाठी प्रत्येक घराची अशी एक ठरलेली रीत असते. मनाच्या दुखण्यासाठी मात्र बहुतेक घरांत एकच वाक्य असते : ‘एवढे मनाला लावून घेऊ नये.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ते वाक्य ऐकल्यावर दुखावलेला मनुष्य पुन्हा तोंड उघडत नाही.

प्रस्तुत लेखकाने हे वाक्य स्वतः उच्चारले आहे, आणि तेही सख्ख्या थोरल्या बहिणीपाशी. म्हणून प्रथम तिचीच हकीकत, तिची संमती घेऊन, सांगतो.

भाजीपुरते हिंदी

अक्का सांगलीची. यजमान वारल्यावर मुलाने तिला आपल्याकडे नोएडाला आणले. घर चौदाव्या मजल्यावर, हवेशीर, सर्व सोयींनी युक्त. सूनबाई लखनौची, स्वभावाने गोड आणि सासूच्या पथ्यपाण्याविषयी मुलापेक्षाही दक्ष. नवराबायको सकाळी आठ वाजता कामावर जात आणि रात्री आठ वाजता परतत. मधले बारा तास अक्का, भिंतीवरचे घड्याळ आणि खिडकीतून दिसणारे समोरच्या इमारतीचे सज्जे. घरात कशाचीही उणीव नव्हती.

सहा महिन्यांत तिची झोप उडाली. छातीत धडधड होई, अन्नावरची वासना गेली, दुपारी विनाकारण डोळे भरून येत. रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला, सोनोग्राफी झाली. सर्व काही ठीक निघाले. ‘काही झालेले नाही’ हे ऐकून घरच्यांना हायसे वाटले. अक्का मला एवढेच म्हणाली, “काही झालं नाही, तर मग मी काय सोंग करते आहे?”

त्या सुमारास माझ्या मेजावर भाषांतरासाठी आलेला लेख नेमका मनःस्वास्थ्यावरचा होता. दिवसभर मी त्यातील वाक्ये मराठीत उतरवीत होतो आणि संध्याकाळी अक्काला फोनवर सांगत होतो, “सकाळी खाली बागेत फिरत जा. प्राणायाम कर. एवढं मनाला लावून घेऊ नये.” उपदेशात फारसे खोटे काही नव्हते. उणीव एवढीच, की तिचे म्हणणे पुरते ऐकून घेण्यापूर्वीच मी तो केला होता.

पुढे हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही दोघे मटार सोलीत बसलो होतो. शेंगांवरची नजर न हलविता ती म्हणाली, “मी नसले तरी इथं कुणाचं काही अडायचं नाही बघ.”

“अक्का, असं का बोलतेस?”

“मग कसं बोलू? अरे, माझं हिंदी भाजीपुरतं आहे. दुःख सांगण्यापुरतं नाही.”

असे प्रश्न सरळ विचारल्याने मनुष्याच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. तज्ज्ञांचे मत याच्या उलट आहे. प्रेमाने आणि स्पष्टपणे विचारलेल्या प्रश्नाने धोका वाढत नाही, उलट मनुष्याला बोलण्याची वाट मिळते. भाषांतर करताना वाचलेली ती गोष्ट त्या क्षणी आठवली. मी विचारले, “अक्का, जीव द्यावासा वाटतो का?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “द्यावासा नाही वाटत. पण असावासाही वाटत नाही.”

त्याच संध्याकाळी आम्ही १४४१६ हा क्रमांक फिरविला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा हा निःशुल्क क्रमांक. तो दिवसरात्र चालतो. वीस भाषांत बोलण्याची सोय आहे आणि त्यांत मराठीही आहे. पलीकडून मराठीत ‘बोला ताई’ असे शब्द आले. मी खोलीबाहेर आलो आणि दार लोटून घेतले. आत अक्का पाऊण तास बोलत होती. सहा महिन्यांत तिने एकदम इतके शब्द उच्चारले नव्हते.

उपदेशाविना ‘समुपदेशन’

संवादाच्या द्वारे मनाला साह्य करण्याच्या या विद्येला मराठीत ‘समुपदेशन’ म्हणतात. शब्द रूढ झाला आहे, पण त्यात एक गंमत दडलेली आहे. शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे, आणि उपदेशाची घाई करू नये हा तर या विद्येचा पहिला धडा! समुपदेशक काय करतो? तो ठरलेल्या वेळी, एकांतात, पुरते लक्ष देऊन ऐकतो. ऐकलेले आपल्या शब्दांत परत मांडून ‘मला असे समजले, ते बरोबर आहे का?’ म्हणून विचारतो. ऐकलेले गुप्त ठेवतो. मग दोघे मिळून गुंत्याचे एखादे टोक धरतात. कधी ते टोक विचारांचे असते : ‘मी कोणाच्या कामाची नाही’ या समजुतीला आधार किती? कधी ते कृतीचे असते : आज दुपारी दोन ते तीन या वेळात काय करावयाचे?

विचारांच्या बाजूने जाणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि अ‍ॅरन बेक यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर आकार दिला. एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा मराठी वाचकांना परिचय करून दिला तो प्रा. कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मनःस्वास्थ्याची संस्था उभी केली आणि हा विषय दवाखान्याच्या भिंतींबाहेर, शाळा आणि सभागृहांपर्यंत नेला. तात्पर्य, या विद्येची परिभाषा मराठीला नवखी राहिलेली नाही.

धुराडे आणि जाते

बोलून बरे वाटते या साध्या अनुभवाला वैद्यकात स्थान मिळाले त्याची कथा मनोरंजक आहे. व्हिएन्ना शहरात १८८० ते १८८२ या काळात डॉ. योझेफ ब्रॉयर हे बेर्था पापेनहाइम नावाच्या तरुणीवर उपचार करीत होते. वडिलांच्या आजारपणात शुश्रूषा करता करता ती स्वतः आजारी पडली होती. आजाराच्या एका टप्प्यात तर तिची मातृभाषा जर्मन तिला परकी झाली आणि ती केवळ इंग्रजीत बोलू लागली. मनात साचलेले सविस्तर सांगितले की तिला काही काळ हलके वाटे. या प्रकाराला तिनेच नाव दिले ‘टॉकिंग क्युअर’, म्हणजे बोलण्याचा उपचार. थट्टेने ती त्याला धुराडे साफ करणेही म्हणे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ च्या ग्रंथात ही हकीकत दिली आहे. एवढ्या बोलण्याने ती पूर्ण बरी झाली, असे मात्र नाही; पुढेही तिला रुग्णालयात राहावे लागले. त्यानंतर ती सावरली आणि १९०४ मध्ये तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली. बोलण्याने मार्ग उघडतो, पण सारा प्रवास त्याने एका दिवसात होत नाही, हा बोध या कथेतून घ्यावा.

आपल्याकडे धुराड्याचे काम जात्याने केले. पहाटेच्या अंधारात दळायला बसलेल्या स्त्रीने सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेले मूल, न बोलणारा नवरा, हे सारे ओवीत घातले. ऐकायला समोर दगड, फार तर जात्याला हात लावणारी जाऊ. दोघीही मध्येच तोडून बोलत नसत! पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्या चाळताना वाटते, की बोलण्याची ही गरज नवी नाही. पिठाच्या गिरण्या आल्या, स्त्रीच्या खांद्यांवरचे ओझे उतरले, हे इष्टच झाले. परंतु जात्याबरोबर मन मोकळे करण्याची एक हक्काची जागाही गेली, आणि तिच्या जागी काय ठेवावयाचे याचा विचार आपण उशिरा करू लागलो.

शेजारचा शिकलेला कान

हा विचार निकडीचा का, हे सांगण्यास दोन आकडे पुरेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बारा राज्यांतील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांपैकी उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के होते. इतक्या लोकांना पुरतील एवढे मनोविकारतज्ज्ञ देशात नाहीत. मग उपाय काय?

याचे एक उत्तर गोव्याने दिले. १९९६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने एक प्रयोग केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांना प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसविले. प्रयोगाचे नाव ‘मानस’. नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांना आजार समजावून सांगणे, त्यांचे ऐकणे, गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देणे ही त्यांची कामे. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी दवाखान्यांत जेथे असे समुपदेशक होते तेथे सहा महिन्यांनी शंभरांपैकी सुमारे ६६ रुग्ण बरे झाले होते. जेथे नव्हते तेथे सुमारे ४२. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातीलच दुसऱ्या प्रयोगात अशाच समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकी केल्या. त्यांचा भर मुख्यतः एका गोष्टीवर होता : मनाला उभारी येण्याची वाट न पाहता दिवसातील लहानलहान अर्थपूर्ण कामे पुन्हा सुरू करणे. तीन महिन्यांनी शंभरांतील ६४ जणांचे नैराश्य ओसरले; केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली देखरेख मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होते.

लंडनमध्ये चॅड वारा या धर्मोपदेशकाने १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचाराने व्याकूळ झालेल्यांसाठी दूरध्वनी सुरू केला, तेव्हा असेच काहीसे घडले होते. भेटीसाठी आलेल्यांना चहा देऊन त्यांच्याजवळ बसण्यासाठी काही स्वयंसेवक ठेवले होते. थोड्याच दिवसांत वारा यांच्या ध्यानी आले, की चहा देणाऱ्यांशी बोलूनच कित्येकांचे काम होते. त्यांना आपली गरजही उरत नाही.

दिल्लीतही ही परंपरा जुनी आहे. १९७६ पासून ‘संजीविनी’ ही संस्था प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या द्वारे विनामूल्य समुपदेशन करीत आली. डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालचे तिचे केंद्र पुष्कळ दिल्लीकरांच्या परिचयाचे आहे. १९८८ मध्ये ‘सुमैत्री’ ही संकटकाळी ऐकून घेणारी संस्था निघाली. शाहदऱ्याच्या जुन्या मनोरुग्णालयाचे १९९३ मध्ये मानवी वर्तनाच्या अभ्यासाच्या व उपचारांच्या संस्थेत रूपांतर झाले. तिला सर्वजण ‘इहबास’ म्हणतात. नेहरूनगरमधील ‘विम्हान्स’ ज्यांच्या नावाने उभे आहे ते डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या आप्तांना तेथे राहावयास लावले होते. घरची माणसे उपचारात भागीदार झाली की रुग्ण लवकर घरी परततो, हे त्यांनी त्या काळी दाखवून दिले.

श्वास, चाल आणि सूर

बोलण्याच्या जोडीला मन निवविणारे इतर पूरक उपायही आहेत. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाची प्रयोगशाळेत मोजदाद सुरू केली. संथ श्वसनाचा लाभ आज सर्वमान्य आहे. श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहूनही सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि शरीराला ‘संकट टळले’ असा संदेश मिळतो. पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढ्याने आरंभ पुरे. श्वास रोखून धरण्याचे प्रकार मात्र शिक्षकाविना करू नयेत.

रोजचे चालणे हाही मोठा उपाय आहे. दिल्लीच्या परिसरात नोव्हेंबर ते जानेवारी सकाळची हवा वारंवार दूषित असते. अशा दिवशी घरातच हातपाय हलवावेत. मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी एका बागेत मूठभर माणसांसह हास्यक्लब सुरू केला. आता येथील बागांतूनही सकाळी असे हास्याचे गडगडाट ऐकू येतात. हसण्याइतकाच लाभ रोज चार ओळखीचे चेहरे भेटण्याचा असावा. भजन, विणकाम, कुंडीतील रोपे, तबल्याचा रियाझ, ज्यात हात आणि लक्ष दोन्ही गुंततात ते सारे उपयोगाचे.

परंतु पूरक ते पूरक. चटणी-कोशिंबिरीने पान सजते, जेवण होत नाही. ‘वनस्पतीचे औषध, त्याने अपाय काय होणार?’ असे म्हणून अश्वगंधेसारखी औषधे मनाने घेणे बरे नव्हे. क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि चालू औषधांशी त्यांचा विरोध होऊ शकतो. ध्यान सुरू केले म्हणून मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या एकाएकी बंद करणे तर धोक्याचेच.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? उदासी किंवा धास्ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक बिघडली, नित्याची कामे होईनात, दारूचा आधार लागू लागला, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर वेळ दवडू नये. थायरॉइडच्या दोषाने किंवा रक्तक्षयानेही मन मलूल होते, म्हणून शरीराची तपासणीही हवी. मरणाचा विचार बोलून दाखविणाऱ्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

घरात ऐकावे कसे?

प्रत्येक कुटुंबाला एवढे करता येईल. बोलणारा बोलत असता फोन बाजूला ठेवावा. ‘माझ्या वेळी तर याहून वाईट होते’ असे सांगून त्याच्या दुःखावर आपले दुःख ठेवू नये. तो थांबला तर आपणही थांबावे. ती शांतता भरून काढण्याची घाई नको. ‘का?’ या प्रश्नात जाब विचारल्याचा भास होतो, त्याऐवजी ‘मग काय झाले?’ असे विचारावे. उपाय सुचवायचा तर आधी विचारावे, ‘तुला काही सुचवू, की नुसते ऐकू?’ ऐकलेले चारचौघांत सांगू नये. आणि आपल्याच्याने झेपत नसेल तर तसे मोकळेपणी म्हणून शिकलेल्या माणसाकडे घेऊन जावे. त्यात नात्याचा पराभव नाही.

अक्काला त्या रात्रीच्या समुपदेशिकेने मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला दिला. त्यांनी काही महिने औषध दिले आणि दर आठवड्याला बोलण्याची वेळ ठरवून दिली. भाचा आता दुपारी दोन वाजता कार्यालयातून पाच मिनिटे फोन करतो. सूनबाईंनी मराठी शिकायला घेतले आहे. ‘ळ’ अजून वळत नाही, त्यावरून दोघी हसतात. महिन्यातून एकदा अक्का मेट्रोने पहाडगंजच्या बाजूला येते आणि बृहन्महाराष्ट्र भवनात कोणी ना कोणी मराठी बोलणारे भेटतेच.

सर्व काही पूर्वीसारखे झाले, असे लिहिणे खोटेपणाचे होईल. यजमानांच्या तिथीच्या आसपास तिची झोप अजून जाते. फरक एवढाच, की आता ती तसे सांगते. परवा फोनवर मी सवयीने म्हणालो, “अक्का, फिरून येतेस का जरा?”

ती म्हणाली, “येते. पण आधी ऐकून घे.”

मी हातातले काम बाजूला ठेवले.